कपारीतल्या मोळ्या

उंबरवाडीत नवी सून आली की तिचं रूप दोन दिवस बघतात आणि तिची फाट्यांची रास जन्मभर बघतात. पोलादपुराहून कुडपणाकडं चढणाऱ्या रस्त्याला ही एकोणीस घरांची वाडी. इथं पाऊस एकदा बसला की तीन-साडेतीन महिने उठत नाही. म्हणून मिरगाच्या आत बायका रानातून चुलीची लाकडं, म्हणजे फाटी, तोडून आणतात आणि पडवीच्या कडेला रचून ठेवतात. कुणाची रास किती हात लांब, यावर त्या घरच्या बाईची किंमत ठरते. मुलगी द्यायला आलेली माणसंसुद्धा चहा पिता पिता आधी राशीकडं नजर टाकतात. हे बरं की वाईट ते मला विचारू नका. आहे ते असं आहे.

अठरा वर्षं वाडीतली सगळ्यात मोठी रास सारिकेची होती. बावीस हात लांब, पुरुषभर उंच, एक फाटं पुढं आलेलं नाही की मागं सरलेलं नाही. प्रत्येक मोळी उक्षीच्या वेलाने बांधलेली, आणि गाठ तिची स्वतःची. वेल दोनदा पिळायचा आणि टोक आतल्या अंगाला खोचायचं, ही तिच्या आईची शिवथरची रीत. वाडीतल्या बाकीच्या बायका टोक बाहेर लोंबतं सोडत.

आणि तिची धाकटी जाऊ मैना? तिची रास नऊ हातांची, तीही वाकडीतिकडी, म्हाताऱ्याच्या दातांसारखी. दोघींचं घर एकच. मधे भिंत घालून दोन भाग केलेले, पण पडवी सामायिक. त्यामुळे सकाळी दार उघडलं की सारिकेला एका नजरेत दोन्ही राशी दिसत. खोटं कशाला सांगू, तेवढ्यानेच तिचा दिवस गोड जायचा.

कारण बाकी सगळं मैनेकडं होतं. मैनेचा आवाज गोड, मैनेचा चहा फक्कड. वाडीत कुणी आलं की वळायचं ते तिच्याच दाराकडं. मैनेचा नवरा गणू मुंबईत नोकरीला, तिथून रोज फोन करायचा. सारिकेचा काशीराम दिवसभर घरातच असून म्हशींशी जास्त बोलायचा. सासूनेसुद्धा शेवटचं पाणी मैनेच्या हातून मागितलं होतं, आणि उशाशी बसलेली होती सारिका. ते तिच्या काळजात अजून सलत होतं. तेव्हा हिशोब सरळ होता. मैनेकडं माणसं होती आणि सारिकेकडं रास.

त्या राशीवरच निशिगंधा मॅडमने घाला घातला.

ही पुण्याच्या एका संस्थेतली तिशीतली पोरगी. चैत्रात जीप घेऊन आली, देवळापुढं बायकांना जमवलं आणि समोरच्या डोंगराकडं बोट केलं. पंधरा वर्षांपूर्वी तिथं ऐन-किंजळीचं दाट रान होतं, आता खडक उघडा पडलाय, हे तिने सांगितलं. ते बायकांना ठाऊकच होतं. फाटी आणायला दर वर्षी अर्धा कोस पुढं जावं लागत होतं.

"सरकारने गॅस दिला, सवलत दिली," मॅडम म्हणाली, "तरी सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पेटलेली. आता सरकारला अशी योजना आखायचीय, की रानही वाचेल आणि पैसाही वाया जाणार नाही. त्यासाठी आधी माणूस कसा वागतो ते बघायला हवं. आमचा अभ्यास सांगतो की माणूस पैशापेक्षा शेजाऱ्याकडं बघून वागतो."

"हे सांगायला पुण्याहून यायला लागतं व्हय," साळूबाई म्हणाली. साळूबाई म्हणजे सत्तरीची, वाडीतली सगळ्यात तिखट जीभ. "मला विचारलं असतंस तर बसल्या जागी सांगितलं असतं."

सगळ्या हसल्या, मॅडमही हसली. मग तिने महाडच्या पेंटरकडून रंगवून आणलेल्या पत्र्याच्या पाट्या काढल्या. प्रत्येक पाटीवर सागाची पानं. ज्या घरची रास लहान त्याच्या दाराला तीन हिरवी पानं, मध्यम असेल तर दोन, आणि मोठी रास असेल तर एकच, तेही पिवळं. दर महिन्याला मोजणी होणार, वर्षभर. इथं जमलं तर पुढं तालुकाभर, आणि मग सरकार त्यावरून धोरण ठरवणार.

संध्याकाळपर्यंत टेप लावून राशी मोजून झाल्या. सारिकेची तेव्हाच सोळा हात भरली होती. तिच्या दाराला एक पिवळं पान ठोकलं गेलं आणि चार हातांवर, त्याच पडवीत, मैनेच्या दाराला तीन हिरवी.

आता तुम्हीच सांगा. जिने पाठ मोडून अठरा वर्षं मोळ्या वाहिल्या ती पिवळी, आणि जी दुपारी पाय पसरून फोनवर बोलत बसते ती हिरवीगार. सारिकेच्या अंगाचा तिळपापड झाला. रात्री भाकरी थापताना तिने परातीला असा दणका दिला की काशीराम गोठ्यातून उठून बघायला आला.

त्यात मैना गोड. दुसऱ्या दिवशी पडवी झाडताना म्हणाली, "आक्का, मनाला लावून घेऊ नका. तुमच्या दाराला पण येतील तीन पानं."

"माझ्या दाराची काळजी तू नको करूस गो," सारिका म्हणाली आणि आपल्या बाजूचा केर तिच्या बाजूला लोटला.

मॅडम आली की चहाला मैनेकडंच बसायची. भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. बाया पाणी भरायला जाताना मैनेच्या पाटीकडं बघत, मग सारिकेच्या पाटीकडं बघत आणि काही न बोलता पुढं जात. ते न बोलणं तिला फार झोंबलं. बोलल्या असत्या तर चार शब्द सुनावता तरी आले असते.

पंधरा दिवस ती धुमसत राहिली आणि मग तिने ठरवलं. तीन पानं तर तीन पानं. पण नुसती मैनेएवढी रास करून भागणार नव्हतं. मैनेची नऊ हात असेल, तर आपली आठ असायला हवी.

त्यांच्या वरच्या खाचराच्या मागं खडकात एक कपार आहे. खोल, कोरडी, तोंडावर करवंदीची जाळी. आत पावसाचा थेंब जात नाही आणि गुरांमागचा माणूस सोडला तर तिकडं कुणी फिरकत नाही. वैशाखातल्या नऊ दुपारी, वाडी जेवून आडवी झाली की सारिका डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि आपल्याच पडवीतली आपलीच मोळी उचलून चढण चढायची. एकतीस मोळ्या. जाताना उन्हाने जीव जायचा, तरी येताना पाय हलके पडायचे.

तिसऱ्या दिवशी काशीरामने तिला पकडलं. तो वाटेत म्हशी घेऊन उभा.

"रानातनं फाटी घरी आणणाऱ्या बायका लय बघितल्या," तो म्हणाला. "रानात परत पोचवणारी तूच पयली."

"बोलशील कुठं तर बघ."

"मी कुणाशी बोलणार," काशीराम म्हणाला आणि म्हशींना घेऊन खाली गेला. ते खरंच होतं.

मिरगाआधीच्या मोजणीला मॅडमने टेप लावला, कागदाकडं पाहिलं, पुन्हा टेप लावला. "सारिकाताई, सोळाचे आठ? काय केलंत?"

"फाटी वाटली, मॅडम. लेकुरवाळ्या घरांना दिली," सारिकेने धडधडीत सांगितलं. वर हेही म्हणाली, की रान आपलंच हाय, आपणच नाय राखलं तर कोण राखणार. मॅडमने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. तिसरं पान पावसाळ्यानंतरच मिळणार होतं, म्हणून पाटीवर तूर्त दोन पानं आली. कुणाला वाटली, किती वाटली, हे विचारायचं पुण्याच्या पोरीला सुचलं नाही. वाडीला सुचलं असेल, पण वाडीत असले प्रश्न तोंडावर विचारत नाहीत.

तिचा बेत सोपा होता. पावसात लागेल तशी एकेक मोळी गुपचूप खाली आणायची. पण कपारीची वाट मैनेच्या मागच्या दारावरून जाते, हे तिला मोळ्या वाहून झाल्यावर नीट उमगलं. उन्हाळ्यात दुपारी मैना झोपायची. पावसाळ्यात मात्र ती मागच्या दारात बसून वाल सोलायची.

आषाढात सारिका इरलं घेऊन निघाली, तर दारातून आवाज आला, "आक्का, येवढ्या पावसात कुठं?"

"म्हशीला पाला आणते."

आणि खरंच पाला घेऊन यावं लागलं. चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा मैना म्हणाली, "थांबा, मी पण येते सोबतीला," तेव्हा सारिका उंबऱ्यातूनच मागं फिरली आणि दिवसभर जावेला मनातल्या मनात शिव्या देत बसली.

मग काय करणार? आठ हातांत वर्ष काढायचं होतं. मॅडमने दिलेली नवी बिनधुराची चूल तिने आजवर कोंबड्या झाकायला ठेवली होती, ती धुऊन पुढं घेतली. वाल आदल्या दिवशी भिजत घातले. आंघोळीचं पाणी भाकरी करता करता चुलीच्या वैलावर तापायला लागलं. भात अर्धा शिजला की खाली उतरवून घोंगडीत गुंडाळून ठेवायचा, तो आपोआप मऊ व्हायचा. सकाळचा चहा सिलिंडरवर. श्रावणात तिच्या लक्षात आलं की आपला खोकला गेलाय. गौरी-गणपतीला रास अजून साडेपाच हात उभी होती. मैनेची नवाची पाच झाली होती, म्हणजे कमी जाळलं होतं ते सारिकेने.

त्या अर्ध्या हाताने तिला जे सुख दिलं ते बावीस हातांनीही कधी दिलं नव्हतं. दिवाळीच्या मोजणीला तिच्या दाराला तीन हिरवी पानं लागली, आणि ती मुद्दाम पडवीत बाजेवर बसून सुपारी कातरत राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. कपारीतल्या मोळ्या ती जवळजवळ विसरली.

माघात मॅडमने जाहीर केलं की शिमगा झाला की पोलादपुरात मोठी सभा आहे, मुंबईहून अधिकारी येणार आहेत, आणि ज्या बाईच्या घरी लाकूड सगळ्यात जास्त कमी झालं तिने तिथं बोलायचं. म्हणजे सारिकाताईंनी. सारिका महाडला जाऊन जांभळी साडी घेऊन आली आणि घडी उलगडून मैनेपुढं धरली.

"छान हाय," मैना म्हणाली. "बरं झालं, आक्का. तुमचा मान होता तो."

सारिकेने तिच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. डोळा बघितला, ओठाचा कोपरा बघितला. कुठं थोडीतरी आग असेल, इतकुसा तरी धूर असेल. काही नव्हतं. असा संताप आला तिला. अठरा वर्षं आपण हिच्यावर जळतोय आणि ही बाई एक दिवस आपल्यावर जळायला तयार नाही. साडी घडी करून ट्रंकेत टाकताना तिला त्या साडीचाच कंटाळा आला.

आणि शिमगा आला. मुंबईची माणसं वाडीत उतरली. गणू आला. साळूबाईचा नातू जितेश त्याच्यासारख्या पाच-सहा बाप्यांना घेऊन आला. होळीला लाकडं चोरून आणायची, ही इथली रीत. कुणाच्या कुडाची, कुणाच्या परड्यातली, मिळेल ती उचलायची. मालकाने हाका मारायच्या, शिव्या द्यायच्या, पण परत मागायची नाहीत. होळीच्या माळावर एकदा लाकूड पडलं की ते होळीचं. पण यंदा वाडीत चोरण्यासारखं लाकूड होतंच कुठं? सगळ्यांच्या राशी घोट्याला आलेल्या. जितेश वैतागून म्हणाला, "यार, ह्या पानांनी तर होळीची वाट लावली," आणि मंडळी रानात शिरली.

दुपारी तीनच्या सुमाराला ओरडा ऐकू आला. सारिका पोळ्या लाटत होती. तिने खिडकीतून पाहिलं आणि तिच्या हातातलं लाटणं जागच्या जागी राहिलं. वरच्या खाचराकडून माणसांची रांग उतरत होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मोळी होती.

माळावर सगळी वाडी जमली. शिमगा बघायला म्हणून निशिगंधा मॅडमही आलेली. एकतीस मोळ्या एकावर एक पडल्या. कोरड्या ठणठणीत ऐनाच्या, एकसारख्या तोडलेल्या. जितेशने कपारीचं ठिकाण सांगितलं आणि हसत विचारलं, "कुणाचा खजिना हाय हा?"

कुणी हसलं नाही. मॅडमचा चेहरा पडला होता. ती एका मोळीजवळ उकिडवी बसली, लाकडाला हात लावून बघितला आणि हळू आवाजात म्हणाली, "ही लपवलेली आहेत. मोजणीतून लपवलीत. कुणाची आहेत, ते मला कळायला हवं. नाहीतर माझा वर्षाचा सगळा कागद खोटा. वर पाठवताच येणार नाही."

सारिकेने मोळ्यांकडं पाहिलं. वेल दोनदा पिळलेला, टोक आत खोचलेलं. एकतीस गाठी सगळ्यांच्या डोळ्यांपुढं पडल्या होत्या. साळूबाई गाठीकडं बघत होती. मग तिने सारिकेकडं बघितलं आणि नजर वळवली. एकेक बाई गाठीकडं बघायची आणि मग जमिनीकडं. वाडीला कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त मॅडमला.

तेवढ्यात मैना पुढं झाली. पदर खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "माझी हायत ती."

"तुमची?" मॅडम उठून उभी राहिली. "मैनाताई, तुम्ही?"

"व्हय. मीच ठेवली कपारीत."

पहिला एक श्वास सारिकेला सुटल्यासारखं झालं. सुटले, असं तिला वाटलं. साडी, सभा, पानं, सगळं सुटलं. आणि दुसऱ्या श्वासाला तिने वाडीची तोंडं बघितली.

कुणी मैनेला नावं ठेवत नव्हतं. कसं ठेवतील? गाठ सगळ्यांनी ओळखली होती. मैना जावेसाठी खोटं बोलतेय, हे माळावरच्या प्रत्येकाला समजलं होतं. साळूबाईने मैनेच्या पाठीवर हात ठेवला. ती साळूबाई, जिने आपल्या सख्ख्या सुनेला कधी बरी म्हटलं नाही. गणू बायकोकडं असा बघत होता की जणू आजच लग्न करून आणलीय. बायांचे डोळे ओले झाले होते. मैना मोठ्या मनाची ठरली होती, मोठी झाली होती, आणि तेही सारिकेच्या फाट्यांवर उभी राहून.

माझी लाकडं, माझी नऊ दुपारींची चढण, माझं पाप. तेसुद्धा हिनेच घेतलं. सासूचं शेवटचं पाणी घेतलं तसंच. सारिका माणसं ढकलत पुढं आली.

"फाटी माझी हायत," ती म्हणाली.

"आक्का, गप ऱ्हा," मैना म्हणाली.

"तू गप ऱ्हा. मॅडम, ही खोटं बोलते. हिला मोळी बांधता येत नाय. गाठ बघा." तिने एका मोळीचा वेल सोडला, सगळ्यांदेखत दोनदा पिळला, टोक आत खोचलं आणि मोळी मॅडमच्या पायाशी टाकली. "ही माझ्या आईची गाठ. मैनेला सांगा बांधायला. मीच वाहिली, मीच लपवली. वाटली म्हणाले ते खोटं. हिच्यापेक्षा एक हात कमी दिसावी म्हणून केलं. आणि हे माझं हाय. ह्याच्यात हिचं काय नाय."

मॅडमने बराच वेळ मोळ्या मोजल्या, मग वहीची पानं उलटली.

"किती लपवल्या होत्या?"

"एकतीस."

"एकतीसच आहेत. म्हणजे यातली एकही जाळली नाहीत?"

"कशी जाळणार," सारिका म्हणाली. तिला आता रडू फुटलं. "वाटेत ही बसलेली. हिच्यादेखत आणायची लाज वाटायची. आठ हातांतच काढलं वर्ष."

मॅडम खाली जमिनीवरच बसली. हसावं की डोकं धरावं ते तिला कळेना. शेवटी तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "सभेला तुम्हीच या. जे आत्ता बोललात तेच तिथं बोला, लपवण्यासकट. मी राशी मोजत बसले आणि बाकीचं मला दिसलंच नाही. आता मला प्रत्येक घराची कपार बघावी लागणार." हे ऐकल्याबरोबर साळूबाई मैनेच्या पाठीवरचा हात काढून लगबगीने आपल्या परड्याकडं निघाली.

मोळ्या होळीच्याच राहिल्या. रीतच ती. माणसं पांगली आणि सारिका घरी येऊन पडवीत बसली. थोड्या वेळाने मैना आली. तिने चहा आणला होता, दोन कप. एक सारिकेपुढं ठेवला आणि पलीकडं भिंतीला टेकून बसली.

"कशाला घेतलंस गो अंगावर?" सारिका म्हणाली. "मोठी व्हायला?"

मैनेने आपला कप खाली ठेवला. "तुम्हाला वाचवायला नाय, आक्का."

"मग?"

"अठरा वर्षं सकाळी दार उघडलं की तुमची रास. माझी नऊ हातांची, वाकडी. तुमच्याकडनं शिकायचं म्हटलं तर माझं तोंड नाय उघडलं. गणू गावी आला की पयला तुमच्या राशीपुढं उभा ऱ्हायचा आणि म्हणायचा, वैनीचं काम बघ." तिचा गोड आवाज आता गोड राहिला नव्हता. "आज मॅडमने विचारलं, कुणाची. सगळी वाडी ऐकत होती. मला वाटलं, एकदा तरी म्हणून घ्यावं, माझी हाय म्हणून."

सारिकेने तिच्या तोंडाकडं बघितलं. डोळ्यात होतं, ओठाच्या कोपऱ्यात होतं. अठरा वर्षं जे ती शोधत होती ते सगळं तिथं होतं, चांगलं पोसलेलं.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाय गो?"

"सांगितलं असतं," मैना म्हणाली, "तर तुम्ही आणखी चार हात रचली असतीत."

सारिकेने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने चहाचा घोट घेतला. फक्कड होता.